विजेच्या गिटारीचीं दोन बटणें

ज्यांच्या घरीं एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना त्याच्या दर्शनी भागावरील बटणें आठवत असतील. एक स्टेशन लावण्याचें, एक आवाज लहानमोठा करण्याचें, आणि पुष्कळ यंत्रांवर तिसरें एक असे, ज्याचें नेमकें काम घरांतल्या बहुतेकांना ठाऊक नसे. तें एका बाजूस फिरविलें म्हणजे बातम्या सांगणाऱ्याचा आवाज स्पष्ट, पण किंचित् कर्कश होई. दुसऱ्या बाजूस फिरविलें म्हणजे तोच आवाज घोंगडीखालून आल्यासारखा मऊ व घुमा होई. तीं यंत्रें आतां माळ्यावर गेलीं. परंतु त्यांतलीं आवाजाचें व सुराचें हीं दोन बटणें विजेच्या गिटारीवर अद्याप नांदत आहेत, आणि त्यांच्या पोटांत जवळजवळ तेच जिन्नस आहेत.

शहरांतल्या अनेक घरांतून आज मुलें गिटार शिकतात. हात थोडा बसला म्हणजे त्यांची पहिली मागणी बहुधा नव्या गिटारीची नसते. ती गिटारीच्या पोटांतील एखाद्या लहानशा वस्तूची असते. जुन्या काळचा तेलांत मुरविलेल्या कागदाचा कंडेन्सर मिळाला तर वाद्य सोन्यासारखें बोलूं लागेल, असें कोणीतरी सांगितलेलें असतें, आणि त्या बोटाएवढ्या नळीची किंमत ऐकून वडील चकित होतात. ही मागणी पुरवावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पैशांचा दिसला तरी त्याचें उत्तर पदार्थविज्ञानांत आहे. तें मिळण्यासाठीं त्या दोन बटणांच्या खालीं काय चालतें, हें पाहिलें पाहिजे.

भारतीय संगीतशास्त्रांत नादाचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत: लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जाति. तंबोऱ्याची तार हळू छेडली काय किंवा जोरानें छेडली काय, स्वर तोच राहतो; बदलतो तो लहानमोठेपणा. खर्जाची तार सोडून पंचमाची छेडली म्हणजे उंचनीचपणा बदलतो. आणि एकच षड्ज तंबोऱ्यावर, बांसरीवर व पेटीवर वाजविला असतां डोळे मिटूनही तीं वाद्यें निरनिराळीं ओळखतां येतात, ती त्या नादांची जाति. ही जाति ठरते उपस्वरांमुळें. तार कंप पावते तेव्हां ती सबंध लांबीनें तर हालतेच, पण त्याच वेळीं आपल्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पांचव्या भागांनींही हालत असते. आणि त्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट कंपनांचे बारीक सूर मूळ स्वरांत मिसळलेले असतात. उत्तम लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून कोणी न छेडलेला गंधार कानीं पडतो, तो असाच पांचपट कंपनांचा उपस्वर होय. घोडीवर तारेखालीं सुताचा जो धागा सरकवितात, तो हे उपस्वर खुलविण्यासाठींच.

गिटारीवर उंचनीचपणा हा वाजविणाऱ्याच्या बोटांच्या ताब्यांत असतो. लहानमोठेपणा ‘व्हॉल्यूम’च्या बटणाकडे, आणि जाति ‘टोन’च्या बटणाकडे सोपविलेली आहे. ही वांटणी कागदावर नीट दिसते. प्रत्यक्षांत पहिलें बटण दुसऱ्याच्या प्रांतांत वारंवार शिरतें, आणि वाजविणारांच्या बहुतेक तक्रारी त्या घुसखोरींतून निघतात.

या वाद्याचा जन्म गरजेंतून झाला. अमेरिकेंतील नाचाच्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गजरापुढें साधी गिटार ऐकूं येत नसे. १९३१ मध्यें लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बीचम व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या खटपटींतून अ‍ॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची विजेची गिटार तयार झाली. तिच्या गोल आकारावरून लोक तिला ‘तळण्याचा तवा’ म्हणत. १९३६ मध्यें गिब्सन कंपनीनें आपली पहिली विजेची स्पॅनिश गिटार काढली. पुढें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यानें १९५० च्या सुमारास भरीव लाकडाची गिटार बाजारांत आणली, आणि १९५४ मध्यें ‘स्ट्रॅटोकास्टर’. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा; त्यास स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. रेडिओच्या दुकानांत जे जिन्नस हाताशीं असत, तेच गिटारीच्या पोटांत गेले, यांत म्हणून नवल नाहीं.

गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतो, आणि त्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक, मिलिमीटरच्या सुमारें सोळाव्या भागाइतक्या जाडीच्या तारेचे कांहीं हजार वेढे गुंडाळलेले असतात. या जोडीला ‘पिकप’ म्हणतात. तार हालली म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रांत खळबळ होते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅराडेनें १८३१ मध्यें दाखविलेला हा नियम. ही वीज अगदीं दुबळी, साधारणपणें व्होल्टाच्या दशांशाच्या आसपास असते. ती लांब केबलमधून ध्वनिवर्धकाकडे जाते आणि तेथें बलवान् होते.

परंतु वेटोळें हें निमूट वाहक नव्हे. प्रवाहांतील जलद बदलास तें विरोध करतें. हा गुण हेन्री या परिमाणांत मोजतात, आणि एकेरी वेटोळ्याच्या सामान्य पिकपमध्यें तो सव्वादोन हेन्रीच्या आसपास असतो. उलट पक्षीं, केबलमधील मधली तार व तिच्या भोंवतालची जाळी मिळून एक लहानसा कंडेन्सर आपोआप तयार होतो. पांच मीटर केबलची धारणशक्ति सुमारें पांचशें पिकोफॅरड भरते. वेटोळें व कंडेन्सर एकत्र आले म्हणजे त्यांचा झोपाळा होतो. झोपाळ्याला जसा स्वतःचा एक झोका असतो आणि त्या तालावर दिलेला लहानसा धक्काही त्याला उंच नेतो, तसा हा जोड एका ठराविक कंपनसंख्येचे सूर उचलून धरतो आणि त्यापलीकडील सूर झपाट्यानें गाळून टाकतो. वेटोळ्याच्या अंगची थोडी धारणशक्ति मिळवून हिशेब केला, तर हें शिखर दर सेकंदास सुमारें ४४०० कंपनांपाशीं येतें.

हा आंकडा महत्त्वाचा कां? गिटारीची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते, आणि बारीक तारेवर बाविसाव्या पडद्यापाशीं बोट ठेवलें तरी मूळ स्वर ११७५ च्या वर जात नाहीं. म्हणजे ४४०० च्या आसपास जें कांहीं ऐकूं येतें, तें सारें उपस्वरांचें राज्य. नेमक्या याच भागांत माणसाचा कान अतिशय तीक्ष्ण असतो. तेथें शिखर उंच असेल तर वाद्य चमकदार, कांचेसारखें वाजतें. शिखर खचलें तर नाद मवाळ होतो. बटणांखालील जिन्नसांचें सारें काम या एका शिखराभोंवतीं चालतें.

आतां पहिलें बटण. त्याच्या खालीं ज्यास कारागीर ‘पॉट’ म्हणतात, तो पोटेन्शिओमीटर असतो. पत्र्याच्या डबींत कोळशाच्या लेपाचा घोड्याच्या नालासारखा एक पट्टा, त्याच्या दोन टोकांस दोन पाय, आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या जिभेस तिसरा पाय, एवढीच त्याची रचना. एका टोकाला पिकपची वीज येते, दुसरें टोक परतीच्या मार्गास जोडलेलें असतें, आणि जीभ जेथें टेकेल तेथील हिस्सा पुढें ध्वनिवर्धकाकडे जातो. जीभ वरच्या टोकाशीं असेल तर सर्व व्होल्ट पुढें जातात, मध्यावर असेल तर निम्मे, आणि खालच्या टोकाशीं कांहींच नाहीं. पाटाच्या पाण्यांतून शेतकरी आपल्या वाफ्यापुरतें पाणी वळवितो आणि उरलेलें पुढें जाऊं देतो, तसा हा प्रकार.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बटण पूर्ण दहावर असलें, तरी तो सबंध पट्टा पिकपच्या दोन टोकांमध्यें जोडलेलाच असतो. त्यांतून थोडी वीज सतत झिरपते, आणि तिचा भार त्या झोपाळ्यावर पडतो. पट्ट्याचा रोध जितका कमी, तितका भार अधिक आणि शिखर तितकें ठेंगणें. फेंडरच्या पद्धतीच्या एकेरी वेटोळ्याच्या गिटारींत बहुधा अडीच लक्ष ओहमचे पॉट असतात. गिब्सनच्या पद्धतीच्या जोडवेटोळ्याच्या गिटारींत पांच लक्षांचे. आणि १९५८ च्या ‘जॅझमास्टर’ गिटारींत फेंडरनें दहा लक्ष ओहमचे घातले. जोडवेटोळें निघालें तें विजेच्या दिव्यांच्या तारांमुळें येणारी गुणगुण मारण्यासाठीं. परंतु वेढे अधिक झाल्यानें त्याचें शिखर ३००० च्या आसपास उतरलें आणि नाद जाड झाला. त्याची उरलीसुरली चमक राखावयाची म्हणून त्यावर हलका भार. उलट एकेरी वेटोळ्यास दहा लक्षांचा पॉट लावला तर नाद कानांत टोंचूं लागतो. तेव्हां पॉटचा आंकडा हा नुसता आवाजाचा प्रश्न नाहीं. तो नादाच्या जातीचाही आहे.

पॉटची दुसरी बाब म्हणजे त्याची चाल. कान त्रैराशिक जाणत नाहीं. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठीं शक्ति सुमारें दसपट करावी लागते. म्हणून ज्या पॉटचा रोध फिरविण्याच्या समप्रमाणांत बदलतो, तो आवाजासाठीं वापरला तर दहापासून पांचापर्यंत फारसें कांहीं घडल्यासारखें वाटत नाहीं, आणि शेवटच्या थोड्याशा फेऱ्यांत आवाज एकदम कोसळतो. यासाठीं दुसऱ्या जातीचे पॉट करतात; त्यांत बटण मध्यावर आलें म्हणजे पट्ट्याचा सुमारें दहावा ते सातवा भागच खालीं उरलेला असतो. त्यामुळें कानास उतार सारखा वाटतो. हल्लीं बहुतेक कारखाने या जातीवर ‘ए’ आणि सरळ चालीच्या पॉटवर ‘बी’ अशीं अक्षरें छापतात. बटण फिरवितांना आवाज हिसक्यानें कमीजास्त होतो अशी तक्रार असेल, तर प्रथम हें अक्षर पाहावें.

दुसऱ्या बटणाखालींही तसाच पॉट असतो, पण त्याच्या जोडीस एक कंडेन्सर असतो. आज त्यास कपॅसिटर म्हणतात, आणि शाळेच्या पुस्तकांत धारित्र. दोन धातूंचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्यें वीज न वाहूं देणारा कागद, प्लॅस्टिक किंवा चिनी माती, असा हा जिन्नस. स्थिर प्रवाहास तो बंद दार असतो. उलटसुलट होणाऱ्या प्रवाहास तो वाट देतो, आणि जितक्या जलद कंपनांचा प्रवाह, तितकी मोकळी वाट. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० कंपनांच्या सुरास सुमारें ७२ हजार ओहमचा अडथळा करतो, १००० कंपनांच्या सुरास सुमारें ७२०० चा, आणि ५००० कंपनांच्या सुरास जेमतेम १४५० चा. ही एक चाळणच म्हणावी: बारीक पीठ खालीं जातें, कोंडा वर राहतो. बारीक सूर कंडेन्सरमधून परतीच्या मार्गानें निघून जातात, जाड सूर मागें राहून ध्वनिवर्धकाकडे जातात. टोनचा पॉट हा त्या चाळणीच्या तोंडावरील दरवाजा. दहावर दरवाजा जवळजवळ लोटलेला, शून्यावर सताड उघडा.

शून्यावर मात्र एक चमत्कार होतो. कंडेन्सर आतां सरळ वेटोळ्याच्या जोडीस आला, आणि केबलपेक्षां कितीतरी पटींनीं मोठा म्हणून झोपाळ्याचा झोका फार मंद झाला. सव्वादोन हेन्रीच्या वेटोळ्याबरोबर ०.०४७ मायक्रोफॅरड घेतले तर नवें शिखर ५०० कंपनांच्या आसपास येतें. साडेचार हेन्रीच्या जोडवेटोळ्याबरोबर ०.०२२ घेतले तरीही तें ५०० च्या आसपासच येतें, कारण दोन्ही गुणाकार जवळजवळ सारखे आहेत. एकेरी वेटोळ्यास ०.०४७ आणि जोडवेटोळ्यास ०.०२२ ही कारागिरांची रूढ वांटणी योगायोग असो वा योजना असो, हिशेबांत ती बरोबर बसते. १९६० नंतरच्या दशकांत एरिक क्लॅप्टन यानें जोडवेटोळ्याच्या गिटारीवर टोन अगदीं खालीं नेऊन जो गोल, गळ्यांतून आल्यासारखा नाद काढला, त्याचें रहस्य पुष्कळ अंशीं या मंद शिखरांत आहे.

आतां पहिल्या बटणाच्या घुसखोरीकडे वळावें. गायकाची साथ करतांना वादक आवाज थोडा कमी करतो, आणि त्यास आढळतें कीं आवाजाबरोबर चमकही गेली. नादावर जणूं पडदा पडला. हातचें वाद्य मध्येंच रुसावें तसें हें होतें, आणि बोटांचा कांहीं दोष नसतां ऐन रंगांत आलेली साथ फिकी पडते. कारण असें: जीभ पट्ट्याच्या मध्यावर आली म्हणजे पुढें जाणाऱ्या विजेच्या वाटेंत पट्ट्याच्या रोधाचा चौथा हिस्सा आडवा येतो. पांच लक्षांच्या पॉटमध्यें तो सव्वा लक्ष ओहम. पुढें केबलचा पांचशें पिकोफॅरडचा आपोआप झालेला कंडेन्सर आहेच. या दोहोंची मिळून एक नकळत चाळण तयार होते, आणि २५०० कंपनांवरील सूर गळूं लागतात. अडीच लक्षांच्या पॉटमध्यें हीच सीमा ५००० वर राहते, म्हणून तेथें तक्रार कमी. केबल लांब असेल तर दोहींकडे वाढते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला फुकटचा: केबल गरजेपुरतीच आंखूड ठेवावी. दुसरा: सुमारें ०.००१ मायक्रोफॅरडचा लहान कंडेन्सर पॉटच्या वरच्या टोकापासून जिभेपर्यंत जोडावा, म्हणजे बारीक सुरांस पट्टा टाळून जाण्याची आडवाट मिळते. ही आडवाट फार मोकळी झाली तर आवाज कमी करतांच नाद किरटा होतो. म्हणून पुष्कळ कारागीर कंडेन्सरशेजारीं दीड लक्ष ओहमच्या आसपासचा एक रोधक जोडून तिला आवर घालतात. तिसरा उपाय गिब्सनच्या १९५० नंतरच्या दशकांतील जोडणीचा: टोनची शाखा पिकपच्या बाजूस न जोडतां आवाजाच्या पॉटच्या जिभेस जोडावयाची. त्या रीतीनें आवाज उतरवितांना चमक कमी जाते. मात्र दोन्ही बटणें एकमेकांवर अधिक परिणाम करूं लागतात, आणि वादकास त्याची संवय करून घ्यावी लागते.

आतां त्या महागड्या कंडेन्सरचा प्रश्न. कंडेन्सर चाळणीचें काम किती करील हें त्याच्या धारणशक्तीवर ठरतें. आंतील पदार्थ कागद आहे, प्लॅस्टिक आहे कीं चिनी माती आहे, याचा परिणाम व्होल्टाच्या अंशांत चालणाऱ्या या मंडलांत इतका सूक्ष्म असतो कीं तो कानास पकडणें कठीण. मग जुना कंडेन्सर घातल्यावर फरक पडला असें प्रामाणिक वादक सांगतात, तें काय? फरक पडलेला असूं शकतो; पण त्याचें कारण बहुधा आंकड्यांत असतें. कंडेन्सरवर छापलेल्या आंकड्यांत शेंकडा वीसपर्यंत कमीजास्त चालतें. ०.०२२ छापलेला एक नग मोजला तर ०.०१८ भरेल, दुसरा ०.०२६. पॉटचीही हीच गत. कागदी कंडेन्सर जुना झाला म्हणजे दमट हवेनें कधीं कधीं गळकाही होतो, आणि मग त्यांतून नको तो प्रवाह झिरपूं लागतो. त्यावर चारशें किंवा सहाशें व्होल्ट असे जे भारदस्त आंकडे असतात, ते व्हॉल्व्हच्या यंत्रांतील उच्च दाबासाठीं होते. गिटारींत त्यांचें काम पडत नाहीं.

परीक्षा घरच्या घरीं करतां येते. मीटरनें मोजून सारख्या भरलेल्या दोन कंडेन्सरांना एका साध्या स्विचनें आळीपाळीनें जोडावें. स्विच दुसऱ्यानें फिरवावा आणि वादकानें पाठ करून वाजवावें व ओळखावें. वीसपैकीं दहाच वेळां बरोबर आलें, तर ती ओळख नव्हे, छापकाट्याचा खेळ झाला. गिटारीच्या पोटांत सोल्डरच्या चटक्यापलीकडे भिण्यासारखें कांहीं नाहीं; व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक मात्र घरीं उघडूं नये, त्यांत बंद केल्यानंतरही शेंकडों व्होल्ट सांठलेले असूं शकतात.

आणखी एक गोष्ट मुलांस जरूर सांगावी. टोनचें बटण दहावर असतां कंडेन्सरच्या वाटेंत पॉटचा सबंध अडीच किंवा पांच लक्ष ओहमचा रोध उभा असतो. त्यापुढें कंडेन्सरचे स्वतःचे सात हजार ओहम किस झाडाचा पाला! जो विद्यार्थी तें बटण दहावरून कधीं हालवीतच नाहीं, त्याच्या गिटारींत कोणताही कंडेन्सर घातला तरी नाद बहुतेक तोच राहणार. त्यानें आधीं बटण फिरविण्यास शिकावें, मग त्याखालचा जिन्नस बदलण्याचा विचार करावा.

हीं दोन्ही बटणें नादांत कांहींच भर घालीत नाहींत. जें तारेंत व बोटांत आहे, त्यांतून किती काढून टाकावयाचें एवढेंच तीं ठरवितात. तेव्हां घरांत मागणी आली तर वडिलांनीं एक साधा मीटर आणि दोन-तीन निरनिराळ्या आंकड्यांचे स्वस्त कंडेन्सर आणून द्यावे. त्यांत मुलाचा एक रविवार आनंदांत जाईल, तो मोजण्यास शिकेल. आणि उरलेल्या पैशांत नव्या तारांचे दोन-चार संच येतील, ज्यांचा फरक घरांतल्या प्रत्येकाच्या कानास कळेल.